सिनेट, पूर्णा जंक्शन

अकरावीला सुरनर सरांनी सात पोरं निवडली
आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं : ऑनर्स.
म्हणजे काय, ते आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं.
फी नव्हती, एवढं पक्कं.
सकाळी सात ते पावणेआठ,
रुळांच्या बाजूची खोली,
एका खिडकीला काच, दुसरीला गोणपाट.
विषय : अमेरिकेचं सरकार.

मुंजा म्हणाला, सर, आधी आपल्या नगरपालिकेचं शिकवा की,
नळ नवव्या दिवशी येतो.
सर म्हणाले, तिथंच चाललोत बाबा, जरा लांबून.

मग आम्ही शिकलो
की अध्यक्षाला व्हेटो असतो
(आमच्या घरी तो दादांकडं होता),
की कायद्याला कोर्ट नाही म्हणू शकतं,
की पहिल्याची मान दुसऱ्याच्या हातात,
दुसऱ्याची तिसऱ्याच्या,
आणि तिसऱ्याचा पाय पुन्हा पहिल्यानं धरलेला.
अय्याजनं वहीत याचं चित्र काढलं,
ते जत्रेतल्या कुस्तीसारखं झालं.
की राज्य इवलंसं असो नाहीतर अवाढव्य,
सिनेटात माणसं दोनच.
त्रिशला मान वर न करता बोलली,
"म्हंजे चुडावा न् नांदेड सारखंच?"
"सारखंच."
चुडाव्याहून येणारा मुंजा
त्या दिवशी जरा ताठ बसला.

डिसेंबरात सरांनी सिनेट भरवलं.
विधेयक मी मांडलं. अजून पाठ आहे :
या तुकडीत ऐंशी टक्क्यांच्या खालचे सदस्य नसावेत.
मला एक्क्याण्णव होते.
कापडाचं दुकान, इस्त्रीचा शर्ट, वळणदार अक्षर.
ऐंशीच्या खाली एकटीच होती, धम्मशीला.
तिचे वडील रेल्वेत कीमन,
पहाटे हातोडा खांद्यावर टाकून मिरखेलकडं चालत निघायचे.
हे मला माहीत होतं.
मतं मी रात्रीच मोजून ठेवली होती. सातात चार.

ती उठली. म्हणाली,
सर, ते न थांबता बोलायचं असतं ना, ते मला करायचंय.
फिलिबस्टर, सर म्हणाले. बसलीस की संपलं.
विषयावरच बोलावं लागतं का?
सरांनी पुस्तक उघडलं, ओळींवरून बोट फिरवलं.
नाही.

पूर्णा, ती म्हणाली.
मिरखेल. पिंगळी. परभणी.
पेडगाव, इथं गाडी थांबती, उतरत कुणीच नाही.
मानवत रोड, नाव गावाचं, पण गाव लांब.
सेलू. सातोना. परतूर.
जालन्यापर्यंत गेली आणि तशीच उलटी परत आली,
पुढं लिंबगाव, नांदेड, मुदखेड.
स्टेशनं संपली तेव्हा पूल काढले,
कुठल्या पुलाला किती खांब,
कुठला जोड मे महिन्यात कुरकुरतो,
कुठला सैल बोल्ट वडिलांनी दोनदा कळवला
आणि साहेबांनी लिहून घेतला नाही.

मी हात वर केला :
सभापती महोदय, हे विषय सोडून आहे.
सभापती म्हणाले, सदस्यांनी खाली बसावं.
बसलो.

तिचा एक पाय आखडला असावा,
बाकाला टेकून ती एकाच पायावर उभी राहिली.
मुंजानं तिच्याकडं पाण्याची बाटली सरकवली.
माझ्या चारातलं एक मत तिथंच गेलं.
पण मोजायची वेळ आलीच नाही.
पावणेआठची बेल झाली तेव्हा ती
कुठल्यातरी गेटमनच्या शेळीवर होती.

वार्षिकला सिनेटवर प्रश्न आलाच नाही.
धम्मशीलाला चौसष्ट टक्के पडले.
पुढं ती कुठं गेली ते विचारायला मला तोंड नव्हतं,
आता विचारावं असं तिथं कुणी नाही.

एवढंच होतं,
रात्रीच्या गाडीनं गावाकडून परत निघालो
की पूर्णा सुटते, डब्यातले दिवे मालवतात,
आणि मिरखेल यायच्या आत मी बर्थवरून उठून
दाराजवळ जाऊन उभा राहतो.
कुणीतरी विचारतंच, उतरायचंय का?
नाही, म्हणतो.
पिंगळी येईपर्यंत बसत नाही.